लोखंडाचे कण्हणे

माठ विकत घेताना आपली आजी आधी त्यावर टिचकी मारून पाही. नाद खणखणीत निघाला तर माठ पक्का, बद्द निघाला तर कुठेतरी चीर आहे, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. तेलाच्या टाक्या पारखण्याची एक रीत याच जातीची आहे. फरक इतकाच की तेथे टिचकी मारावी लागत नाही. दुखावलेले लोखंड आपणहून आवाज करते. आपण तो ऐकायचा असतो. या रीतीला अकूस्टिक एमिशन टेस्टिंग, म्हणजेच ध्वनि-उत्सर्जन चाचणी, असे नाव आहे.

बहारीनमध्ये १९३२ साली तेल लागले आणि १९३६ साली सित्राची रिफायनरी सुरू झाली. तेव्हापासून टाक्या, नळ आणि दाबाची पात्रे यांच्या शेजारीच हे बेट वाढले. तेथे राबणाऱ्यांत आपले फिटर, वेल्डर आणि इंजिनियरही आले. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही, आपल्या घरचाही आहे, असे आम्हांस वाटते. लोखंड न फोडता, न कापता तपासण्याच्या विद्येवर २००५ च्या नोव्हेंबरात मनामामध्येच एक मध्यपूर्वीय परिषद भरली होती.

कथलाची कांब वाकवली की ती करकरते, हे धातुकाम करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. जर्मनीतील म्युनिकच्या योसेफ कायझर यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात इतर धातूंचेही असे आवाज मोजून दाखवले. आपल्या कानांना सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो. पोलादात तडा वाढताना निघणाऱ्या ज्या लहरी यंत्रे टिपतात, त्यांची कंपने बहुधा लाखाच्या घरात असतात. पात्रावर जागोजागी संवेदक चिकटवतात. कोणत्या संवेदकाला आवाज आधी पोहोचला आणि कोणत्याला मागाहून, या हिशेबाने दुखरी जागा सापडते.

कायझर यांना आणखी एक गंमत आढळली. एकदा सोसलेल्या भारापर्यंत धातू दुसऱ्या वेळी बहुधा कुरकुरत नाही. म्हणून तपासताना दाब पायरीपायरीने वाढवतात आणि मध्ये थांबतात. जुना दाब गाठण्याआधीच आवाज सुरू झाले, किंवा दाब स्थिर ठेवूनही ते थांबले नाहीत, तर मधल्या काळात इजा झाली असावी असे समजून चाचणी रोखतात.

टाकीची सर्वांत अवघड बाजू म्हणजे तिचा तळ. वर तेल, खाली जमीन; गंज दिसणार कसा? आत पाहायचे तर टाकी रिकामी करून धुवावी लागते आणि वायूचा धोका पत्करून माणसे आत उतरवावी लागतात. ध्वनिचाचणीत टाकी भरलेलीच राहते. व्हॉल्व्ह बंद करून तिला काही तास निवांत ठेवतात आणि बाहेरून भिंतीला लावलेले संवेदक गंजाची कुजबुज टिपतात. मग तिला ए ते ई अशी श्रेणी देतात. ए म्हणजे बरी. ई म्हणजे लवकर उघडून पाहा.

असली खबरदारी कशासाठी, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात दिसले. तेथे २ जानेवारी १९८८ रोजी फ्लोरेफ येथे डिझेलची एक टाकी भरता भरता उभी फाटली. सुमारे ३८ लाख गॅलन तेल बाहेर आले आणि त्यातले बरेच नदीत गेले. चाळीस वर्षांचे जुने पत्रे वापरून ती टाकी नव्याने उभारली होती. पत्र्यात वेल्डजवळ एक बारीकसा दोष होता आणि पाणी पूर्ण भरून घ्यायची चाचणी झालीच नव्हती.

या चाचणीला मर्यादाही आहेत. पाऊस, वारा, पंप यांचा गोंगाट तिला फसवतो. पत्रा किती जाड उरला, हे ती सांगत नाही. ते अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजावे लागते. आणि जो तडा वाढत नाही, तो बोलतही नाही. तेव्हा शांतता म्हणजे सुरक्षितता, असे धरून चालणार नाही.

वाचकहो, यंत्र केवळ ऐकते; काम थांबवायचे ते माणसांनीच. टाकीची श्रेणी ई आली असता ‘एवढा हप्ता निघू द्या’ म्हणणारा माणूस टाकीपासून दूर बसलेला असतो, आणि व्हॉल्व्हवर हात असलेला आपलाच कोणी भाऊ असतो. त्याने ‘थांबा’ म्हटले, तर तेही कोणी ऐकले पाहिजे.