बेडकाची नातवंडं

सोऱ्यातून पडणाऱ्या पहिल्या दोन-तीन चकल्या हमखास बिघडतात. पीठ सैल असलं तर काटा उठत नाही, घट्ट असलं तर वेढा मध्येच तुटतो, आणि हात जरा हलला की चकलीचा नकाशा होतो. १९८८ साली अमेरिकेत स्कॉट क्रम्प नावाचा इंजिनिअर स्वयंपाकघरात जवळजवळ हेच करत बसला होता. लेकीसाठी बेडूक बनवायचा होता. हातात ग्लू गन, आणि तिच्यात गोंदाच्या कांडीऐवजी पॉलिइथिलीन आणि मेणबत्तीचं मेण यांचं मिश्रण. थरावर थर देत बेडूक उभा राहिला खरा, पण असे शेकडो थर हाताने द्यायचे म्हणजे शिक्षाच.

मला गंमत वाटते ती पुढच्या पावलाची. गन ठीक आहे, हात कशाला हवा? ती गन मागेपुढे, डावी-उजवीकडे सरकणाऱ्या यांत्रिक चौकटीवर बसवली की झालं! पुढच्याच वर्षी पेटंटचा अर्ज गेला आणि स्ट्रॅटासिस कंपनी निघाली. एरवी एका नमुन्यासाठी साचा करायचा, आणि माप चुकलं की साचा भंगारात. आता चूक फक्त संगणकावरच्या चित्रात दुरुस्त करायची.

आजच्या घरगुती थ्रीडी प्रिंटरच्या आत डोकावलं की थक्क व्हायला होतं. ०.४ मिलिमीटरच्या भोकातून सुमारे २०० अंशांवर वितळलेला प्लास्टिकचा धागा बाहेर येतो. एक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे पाच सेंटिमीटर उंच बेडकाला २५० थर. धागा सोडणारं यंत्राचं डोकं एक मिलिमीटर सरकवायला बऱ्याच यंत्रांतली मोटर ८० बारीक पावलं टाकते. न कंटाळता, मोजणीत न चुकता. खरी मेख मात्र उष्णतेत. नवा धागा खालच्या थराला चिकटण्याइतका गरम हवा, आणि वरचा थर येईपर्यंत आकार धरण्याइतका थंडही झालेला हवा. शिवाय बेडकाची हनुवटी अधांतरी असते. ती हवेत कशी छापणार? मग स्लॅबखाली सेंटरिंग लावतात तसे टेकू यंत्र आधी स्वतःच छापतं. काम झालं की ते मोडून टाकायचे.

इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बॉयर यांनी २००५ च्या सुमारास याहून अचाट प्रश्न घेतला: हे यंत्र स्वतःचेच भाग का छापणार नाही? त्यांच्या रेपरॅप प्रकल्पातल्या पहिल्या यंत्राचं नाव डार्विन. मोटरी, सळ्या, नटबोल्ट बाजारातून आणायचे. सांधे जोडणारे प्लास्टिकचे तुकडे यंत्राने छापायचे. क्रम्पच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली आणि असली यंत्रं स्वस्तात घरोघरी पोचू लागली.

पण त्याआधीच, २९ मे २००८ रोजी, बाथमध्ये एका डार्विनने छापलेल्या भागांतून दुसरं यंत्र जोडून तयार झालं. या लेकराने काही मिनिटांतच पहिला तुकडा छापला, तो नातवंडासाठी.