चाकांवरचं घर, छपरावरचं ऊन

बेड, शेगडी, सिंक, टॉयलेट... सगळं एकाच गाडीत! आपल्याकडे असली गाडी म्हटलं की फिल्मस्टारची व्हॅनिटी व्हॅन आठवते. अमेरिकेत मात्र रिटायर झालेले आजी-आजोबाही मोटरहोम काढतात आणि निघतात. नवी गाडी खिशाला सॉलिड चाट लावते. म्हणून वीस-पंचवीस वर्षं जुनी घ्यायची आणि हवी तशी करून घ्यायची, हा तिथला लाडका फंडा.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं आणि जिजूंनी हेच केलंय. १९९७ची, २४ फुटी गाडी. एक बेड ड्रायव्हरच्या डोक्यावर, दुसरा मागे. मार्चमध्ये मी त्यांच्याकडे होते, पुण्याहून मावशी-काकाही आलेले. बेत ठरला डेथ व्हॅलीचा. आणि घोडं अडलं काकांच्या मशीनवर.

काकांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत श्वास अडतो, म्हणून रात्रभर सीपॅप मशीन लावावं लागतं. त्याला वीज हवी. गाडीत जनरेटर आहे, पण डेथ व्हॅलीतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर तो संध्याकाळी सातनंतर बंद! आम्ही निवडलेल्या टेक्सास स्प्रिंग्जला तर जनरेटरला पूर्ण बंदी. "तुम्ही जाऊन या रे, मी घरी थांबतो," काका म्हणाले. "बाबा, तुम्ही नाही तर कुणीच नाही," ताईनं विषय संपवला. जिजूंनी वही काढली.

आधी हिशेब, मग पॅनल

सोलर म्हटलं की आपण विचारतो, किती वॅटचं बसवू? जिजूंचा प्रश्न उलटा होता. आपल्याला दिवसाला लागतं किती? काकांच्या मशीनचा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर साधारण ४० वॅट. आठ तासांचे ३२० वॅट-तास. त्यात एलईडी दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल आणि हीटरचा पंखा. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा गुपचूप बॅटरी खातो! एकूण आकडा सातशेच्या आसपास. जुन्या मोटरहोममधला फ्रीज गॅसवरही चालतो, त्यामुळे त्याचं टेन्शन नाही. छपरावरच्या एसीला हजार-दीड हजार वॅट लागतात, त्याचं नाव यादीतून थेट कट.

मग खरेदी. २०० वॅटची दोन पॅनल्स आणि १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. त्यात जवळपास १२८० वॅट-तास मावतात आणि बहुतेक सगळे वापरता येतात. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जपायचं तर निम्म्यावरच थांबावं लागतं.

वासे शोधा!

मला वाटलं, आता दोन तासांत काम फत्ते. पण जिजू अख्खा शनिवार छपरावर नुसते हात दाबत फिरत होते. जुन्या मोटरहोमची खरी गोम छपरातच असते. वर रबराचा थर, खाली पातळ प्लायवुड, त्याखाली आडवे वासे. वर्षानुवर्षं एखाद्या फटीतून पाणी झिरपतं, वरून काही दिसत नाही आणि आत प्लायवुड कुजत जातं. तळहाताखाली मऊ लागलं की समजायचं, इथे स्क्रू धरणार नाही. आमच्या गाडीत मागच्या कोपऱ्यात तसा एक पट्टा निघालाच. तेवढं प्लायवुड बदललं आणि पॅनल्स पुढे सरकवली.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे घर रोजच फिरतं, म्हणून वासे नीट शोधून स्क्रू त्यातच घ्यायचे! हायवेवरचा वारा पॅनलला खालून उचलायला बघतो, नुसत्या प्लायवुडवर भरवसा नाही. प्रत्येक ब्रॅकेटखाली ब्युटाइल टेप, स्क्रूच्या डोक्यावर छपरासाठीचं पसरणारं सीलंट. घरगुती सिलिकॉन अजिबात नको, या रबरावर ते नीट धरत नाही. केबलसाठी नवं भोकही नाही. फ्रीजची हवा बाहेर टाकणारी जाळी छपरावर असतेच, वायर तिथूनच खाली घेतली.

पॅनल आणि छपरात बोटभर फट ठेवली. पॅनल तापलं की वीज कमी देतं, खालून हवा खेळायला हवी. एसीच्या खोक्याची सावलीही टाळली. पॅनलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. छोट्याशा सावलीनंही मोठी घट होते.

जोडणी करताना पॅनल्सवर ताईची जुनी चादर! उन्हात पॅनलला स्विच नसतो, ते चालूच असतं. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. गाडीतला जुना चार्जरही लिथियमला चालणारा बसवला.

रंगीत तालीम

थेट वाळवंटात प्रयोग नको, म्हणून निघण्याआधी काका एक रात्र घरासमोर उभ्या गाडीत झोपले. मशीनच्या कंपनीचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जात नाही. सकाळी बॅटरी ७० टक्के. तरी डॉक्टरांशी बोलून एक वेगळी छोटी बॅटरी सोबत घेतलीच. श्वासाच्या बाबतीत रिस्क कोण घेणार?

डेथ व्हॅलीत भर दुपारी ४०० वॅटच्या पॅनल्सनी २८० वॅटच्या आसपास दिले. सपाट बसवलेल्या पॅनलकडून याहून जास्त अपेक्षा नकोच. आमच्यासाठी ते भरपूर होतं. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरच्या मिठावर काका आमच्यापेक्षा पुढे चालत होते. दोन्ही रात्री कुठे घरघर नाही, धूर नाही. मशीनचा बारीक 'स्सस्' तेवढा ऐकू यायचा. मावशी म्हणाली, "पुण्यात एवढी शांतता मिळते का गं?"

सोलर म्हणजे फुकटची वीज, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण या वीजेनं त्या दोघांना आधी मोजायला शिकवलं आणि मग जुन्या छपराची काळजी घ्यायला लावलं. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं हो... छप्पर टिकलं तर!

छपरावर चढण्याआधी

- रोजच्या विजेची यादी करा, मगच पॅनल घ्या.
- छप्पर तळहातानं इंच इंच दाबून बघा. मऊ जागा आधी दुरुस्त करा.
- रबराच्या छपरावर पेट्रोलियमयुक्त क्लीनर वापरू नका.
- शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नका.
- सीलंटला तडे गेलेत का, हे दर सहा महिन्यांनी तपासा.
- आपल्याकडे असा प्रयोग करायचाय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आधी आरटीओला विचारा, मग ड्रिल हातात घ्या.