बाळाची शाळा घरातच भरते

नातवंड सांभाळणाऱ्या अनेक आजी-आजोबांना एक शंका सतावते : ‘आम्हांला नव्या पद्धती ठाऊक नाहीत, आमच्याजवळ राहून बाळ काय शिकणार?’ ही शंका आपण मनातून काढून टाकावी. तान्ह्या मुलांच्या विकासाचा ज्यांनी अभ्यास केला, त्यांचे निष्कर्ष आपल्याला धीर देणारेच आहेत.

हा अभ्यास प्रथम घरातच सुरू झाला. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाचे हसणे, रागावणे, घाबरणे टिपून ठेवले आणि १८७७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये जाँ पियाजे यांनी आपल्या तिन्ही मुलांचे असेच निरीक्षण केले. वस्तू तोंडात घालणे, आपटणे, पुन्हा पुन्हा खाली टाकणे हे बाळाचे प्रयोगच असतात, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा दहाव्यांदा वाटी खाली पडली तरी रागावू नये.

चालणेही असेच सरावाने येते. कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत, असे आढळले. म्हणून बाळाला सतत कडेवर किंवा वॉकरमध्ये ठेवू नये. आपले गुडघे दुखत असतील, तर मागे धावण्यापेक्षा एक खोली मोकळी करावी आणि तिथेच खुर्ची टाकून बसावे. आपल्या औषधांच्या गोळ्या, श्रवणयंत्राचे बारीक सेल आणि पाण्याच्या बादल्या मात्र बाळापासून दूर असाव्यात.

भाषेविषयीचा एक प्रयोग विशेष बोलका आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात, नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी काही माणसे १२ बैठकांत चिनी भाषेत बोलली, खेळली. ती बाळे त्या भाषेतील ध्वनींचा फरक ओळखू लागली. ज्यांना तेच पडद्यावर दाखवले, ती काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही एक वर्षाखालील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये, असे सांगते. भरवताना मोबाइल समोर धरण्याचा मोह म्हणूनच टाळावा. तेल लावताना, भाजी निवडताना बाळाशी बोलावे, आणि त्याने हुंकार दिला की क्षणभर थांबून उत्तर द्यावे.

प्रत्येक बाळाची गती वेगळी असते, त्यामुळे तुलना नको. परंतु वर्ष उलटूनही ते बडबड करत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा एकदा आलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यासाठी एक साधी वही ठेवावी. बाळ कधी हसले, कधी वळले, कधी उभे राहिले, याची तारखेसह नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. दिवसभर बाळाजवळ आपणच असता. त्यामुळे ही नोंद आपल्याइतकी अचूक दुसरे कोण करणार?