जुन्या छबीतील रुबाब

शंभर वर्षांपूर्वीचे एखादे छायाचित्र हाती आले की ते चटकन खाली ठेववत नाही. जरीकाठी साडी, नाकात नथ, खुर्चीच्या पाठीवर विसावलेला हात आणि थेट समोर रोखलेली नजर! ती स्त्री कोण हे ठाऊक नसते, तरी दृष्टी तिच्यावरून हलत नाही. हे आकर्षण केवळ वस्त्रालंकारांचे नव्हे.

त्या काळी छायाचित्र काढून घेणे हा घरातील एक प्रसंगच असे. काचेच्या प्लेटवर प्रतिमा उमटेपर्यंत निश्चल राहावे लागे. हसू फार वेळ टिकवणे कठीण, म्हणून चेहरे गंभीर. आणि त्या गांभीर्यातूनच रुबाब प्रकट होई. हातातील पुस्तक शिक्षणाची ग्वाही देई, तर अंगावरील दागिने घराच्या ऐपतीची. तत्कालीन प्लेटवर निळा रंग फिकट आणि तांबडा काळपट उमटत असे. त्यामुळे लाल शालू काळा भासतो आणि कपाळीचे कुंकूही काळेच दिसते. रंग पाहणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे असतात.

या कलेच्या भारतीय इतिहासात जैन समाजाला अभिमान वाटावा असे एक नाव आहे. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन जव्हेरी कुटुंबात झाला. रुरकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. तेथे जडलेल्या छंदाचा त्यांनी व्यवसाय केला आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून कीर्ती मिळवली. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला.

त्यांची व्यापारी दूरदृष्टी विशेष दिसते ती १८९२ च्या जनाना स्टुडिओत. पडदा पाळणाऱ्या स्त्रिया परपुरुषासमोर बसणार कशा, ही अडचण होती. दीनदयाळ यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढून त्याची व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज महिलेकडे सोपवली. मर्यादा न मोडता स्त्रियांना आपली छबी टिपून घेता येऊ लागली. ग्राहकाची अडचण ओळखून तिच्यावर उपाय शोधणे, हेच उत्तम व्यापाराचे लक्षण होय.

पुढील पिढीत चित्र पालटले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरशी ठरलेला विवाह मोडून १९१३ साली लंडन येथे कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. १९२२ साली वैधव्य आले, तेव्हा अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभाराची धुरा त्यांच्यावर आली. फ्रान्समधून मागवलेल्या तलम शिफॉनच्या साड्या भारतात रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ज्या काळी विधवेने सौंदर्यदृष्टीही त्यागावी अशी अपेक्षा होती, त्या काळी त्यांनी आपली शान सोडली नाही. त्यांच्या छायाचित्रांत वस्त्राइतकाच हा निर्धारही दिसतो.

राजकन्यांची नावे इतिहासाने जपली. आपल्या पेढीवरच्या, वाड्यातल्या स्त्रियांचे काय? अनेक घरांतील जुन्या छायाचित्रांमागे शेठजींचे नाव असते. शेजारी बसलेल्या स्त्रीची नोंद ‘कुटुंब’ एवढीच. पै-पैची खतावणी काटेकोरपणे लिहिणाऱ्या घरांत ही एक नोंद मात्र राहून गेली. तिला ओळखणारी शेवटची आत्या किंवा आजी गेली, की ते खाते कायमचे बंद होते.

यावर उपाय सोपा आहे. दिवाळीत वहीपूजन होते, तेव्हा जुने अल्बमही बाहेर काढावेत. वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून नाव, माहेर, गाव आणि अंदाजे वर्ष मऊ पेन्सिलीने छायाचित्रामागे हलक्या हाताने लिहावे; बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधून चित्रे जपून सोडवावीत, लॅमिनेशन टाळावे आणि ओल व ऊन यांपासून दूर ठेवावीत. मोबाईलवर एक प्रत काढून कुटुंबात वाटावी.

रुबाबदार छबी पाहून कौतुक कोणीही करील. ती कोणाची आहे हे सांगणे मात्र घरच्यांनाच शक्य आहे.