उत्पन्नाचा दाखला काढण्याआधी हे वाचा

तायांनो, बारावीचा निकाल लागला की सेवा केंद्रावर रांग लागते ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. तहसीलदारांच्या सहीचा हा एक कागद. पण मुलीची फी माफ होणार की भरायची, कर्जाचं व्याज सरकार देणार की आपण, हे बरंचसं त्यावरच्या आकड्यावर ठरतं.

बैठकीत हमखास ऐकू येतं, "माका पगार नाय, माझा कसला उत्पन्न?" तसं नसतं. दाखला कुटुंबाचा असतो, म्हणजे साधारणपणे आई आणि वडील दोघांची वर्षाची कमाई. यातलं वर्ष एप्रिल ते मार्च धरायचं. तुमची मासळीविक्री, काजू, कोकम, खानावळ, पर्यटकांना दिलेली खोली, सगळं त्यात येतं.

मात्र विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. २००० रुपयांची मासळी घेऊन २५०० ला विकली, त्यात बर्फ आणि रिक्षाला १५० गेले, तर त्या दिवसाची कमाई ३५० रुपये. खूप जणी २५०० च सांगतात आणि नाहक मर्यादेच्या वर जातात. गटाकडून किंवा बँकेकडून घेतलेलं कर्जही उत्पन्न नाही, ते फेडायचं असतं. आणि आपल्याकडचे सातबारे! एका कलमांच्या बागेवर पंधरा नावं असतात. बागेचं सगळं उत्पन्न तुमच्या नावावर धरलं जाऊ नये. तुमच्या हिश्श्याला येतं तेवढंच तलाठ्यांना सांगा.

आता मर्यादा बघू. मुलगा किंवा मुलगी आठवीत असेल तर एनएमएमएस परीक्षेला बसवा. कुटुंबाचं उत्पन्न ३.५ लाखांपर्यंत असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा २.५ लाख आहे.

मुलींसाठी मोठा निर्णय ८ जुलै २०२४ चा. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर इंजिनिअरिंग, फार्मसी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. "मुलगी आहे, इतका खर्च कुठून करू" हे कारण फीपुरतं तरी आता उरलेलं नाही, हे घरात ठामपणे सांगा. मेस आणि प्रवासाचा खर्च मात्र यात नाही. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची चौकशी करावी.

कर्जाचं बघा. समजा १० टक्के व्याजाने चार वर्षं दर वर्षी १ लाख उचलले. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. सरळ व्याजानेसुद्धा ते १ लाख ४० हजार होतं. कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक व मान्यताप्राप्त संस्थेतला असेल, तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी व्याजात ३ टक्के सवलत आहे. पण सवलत आपोआप लागत नाही, कर्ज घेतानाच बँकेत दाखला देऊन मागायची.

दाखल्यावर आकडा कमी लिहून घेणं मला पटत नाही, आणि ते अंगाशी येतं. होडीसाठी किंवा होमस्टेसाठी कर्ज मागताना आपण बँकेला ५ लाख उत्पन्न दाखवतो आणि मुलीच्या दाखल्यावर ६० हजार. उद्या दोन्ही कागद एकाच टेबलावर आले तर काय उत्तर देणार? खर्च वजा करून खरा आकडा लिहा. बहुतेक घरं तशीही मर्यादेच्या आतच बसतात.

दाखल्यासाठी रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा उत्पन्न अहवाल लागतो. घरात कोणी नोकरीला असेल तर पगाराचा कागदही. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. दाखल्यावर मुदत छापलेली असते, ती बघून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून अर्जाआधी मुलीच्या खात्याला आधार जोडलंय का हे बँकेत विचारा. आणि महाडीबीटीवरचा अर्ज एकदा भरून संपत नाही. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, दुसऱ्या वर्षी नेमकं तेच राहून जातं.