कावेरीचा महसीर आणि लोणावळ्याची बोटुकली

बेंगळुरूच्या नळाला कावेरीचे पाणी येते. त्या नदीचा मूळचा महसीर मासा मात्र शहरात फार थोड्यांना ठाऊक असेल. पाठीला कुबड, नारिंगी पर, आणि वजन इतके की १९४६ मध्ये काबिनी या उपनदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंड भरला. कावेरी आणि तिच्या उपनद्यांबाहेर तो कुठेच नाही.

आज त्याच्या जागी बहुतेक निळ्या परांचा महसीर दिसतो. हा आपला दख्खनी. इंग्रज निसर्गअभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतले. कावेरीत तो पोचला लोणावळ्याहून. तिथे टाटांच्या वळवण तलावावरील केंद्रात मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास त्याचे कृत्रिम प्रजनन साधले. पिकलेल्या मादीचे पोट हलके दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, नराचे वीर्य मिसळायचे, मग पाणी घालायचे. वाहत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये तीन-चार दिवसांत पिल्ले फुटतात. नदीत अंडी-पिल्लांची जी नासाडी होते, ती इथे टळते. हेतू चांगला होता. पण १९८०च्या दशकापासून ही बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, कावेरीतही सोडली गेली.

पुढे काय झाले, ते गळवाल्यांच्या वह्यांनी सांगितले. बेंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवरच्या, कावेरीकाठच्या गलिबोरला मासा पकडून, वजन नोंदवून परत सोडत. १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळे पर वाढत गेलेले आणि कुबडवाले घटत गेलेले दिसले. त्याहून बोलकी गोष्ट वजनाची: कुबडवाल्यांचे सरासरी वजन वाढत होते. वरवर ही खूशखबर वाटेल. प्रत्यक्षात अर्थ असा, की म्हातारे उरले होते आणि मागून पिल्ले येत नव्हती. धरणे, सुरुंगाची मासेमारी यांचाही वाटा असेलच. पण त्याच पाण्यात पाहुणा फोफावतो आणि यजमान आटतो, हे नजरेआड करता येत नाही.

तरी संरक्षण मिळेना, कारण माशाला मान्य शास्त्रीय नावच नव्हते आणि नावाशिवाय आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत जागा नाही. केरळच्या पांबार या कावेरी खोऱ्यातल्याच नदीतल्या लहान माशांवरून २००७ मध्ये ‘तॉर रेमादेवी’ ही जात वर्णिली गेली होती. कुबडवाला तोच, हे शरीररचना आणि डीएनए ताडून २०१८ मध्ये ठरले. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला.

आता मत्स्यबीज करायचेच, तर मोयारसारख्या कावेरीच्याच उपनदीतल्या नर-माद्यांचे करावे. आणि त्याआधी परक्या नदीची बोटुकली कावेरीत सोडणे थांबवावे.