लोकलमधून पडून जखमी झालात तर भरपाई मिळते का? कुठे आणि कशी मागायची?

९ जून २०२५. सकाळची गर्दीची वेळ. मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. एवढी मोठी घटना असली की तिची बातमी होते. पण एखादाच प्रवासी पडला, की घरच्यांना पहिल्यांदा ऐकावं लागतं ते हे : "दारात उभं राहायचंच कशाला? आता काही मिळणार नाही."

कायदा मात्र असं म्हणत नाही.

कायदा काय सांगतो?

रेल्वे कायदा, १९८९ मध्ये दोन कलमं महत्त्वाची आहेत. गाड्यांची टक्कर झाली किंवा डबे घसरले, तर कलम १२४ लागू होतं. चालत्या गाडीतून प्रवासी चुकून पडला, गाडीत किंवा स्थानकात हल्ला, दरोडा, दंगल, गोळीबार झाला, तर कलम १२४-ए. दोन्हींमध्ये रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. लोकलमधून पडल्याचे दावे बहुतेक वेळा १२४-ए खालीच येतात.

'चूक तुमचीच' असं रेल्वेने म्हटलं तर?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. गाडीत चढताना किंवा उतरताना पडणं हीसुद्धा भरपाईस पात्र घटना आहे. प्रवाशाचा निष्काळजीपणा होता एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही. 'स्वतःला इजा करून घेतली' असं म्हणायचं, तर तसा हेतू असायला हवा.

त्याच निकालात तिकिटाचाही प्रश्न सुटला. पडल्यावर खिशातलं तिकीट किंवा पास हरवणं सहज शक्य आहे. तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हताच, असं ठरत नाही. आधी तुम्ही प्रतिज्ञापत्र आणि हाताशी असलेली माहिती द्यायची. त्यानंतर ते खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते.

भरपाई कधी मिळत नाही?

आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, जाणूनबुजून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य आणि आजारपण, यांत १२४-ए खाली भरपाई नाही. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली, तर तेही 'गाडीतून पडणं' नाही. बरेच दावे इथेच अडकतात.

रक्कम किती?

१ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख रुपये आहेत. दोन्ही हात गमावण्यासारख्या गंभीर दुखापतींनाही तेवढीच रक्कम मिळते. बाकी दुखापतींसाठी नियमांना जोडलेली यादी आहे. कोणता अवयव, किती गेला, त्यावर रक्कम ठरते. यादीत नसलेल्या दुखापतीसाठी न्यायाधिकरण रक्कम ठरवतं.

अपघातानंतर रेल्वे जाहीर करते ती तातडीची मदत वेगळी. ती मिळाली म्हणून दावा करण्याचा हक्क जात नाही.

सुरुवातीलाच काय सांभाळायचं?

- १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ या क्रमांकावर फोन करा.
- स्टेशन मास्तरांचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांची नोंद यांची प्रत मागा. त्यात 'गाडीतून पडून' लिहिलंय की 'रूळ ओलांडताना', हे वाचून पाहा. चुकीचं असेल तर लगेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.
- रुग्णालयातला पहिला केसपेपर जपा. इजा कशी झाली हे डॉक्टरांना नीट सांगा. तीच नोंद पुढे वाचली जाते.
- तिकीट किंवा पासचा फोटो, मोबाइल अ‍ॅपवरची तिकिटाची नोंद, सोबतच्या प्रवाशांचे फोन नंबर ठेवा.
- डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि अपंगत्व आलं असेल तर त्याचा दाखला एकाच फाइलमध्ये लावा.

अर्ज कुठे आणि कधीपर्यंत?

अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा. महाराष्ट्रात त्याची खंडपीठं मुंबई आणि नागपूर इथे आहेत. अपघात झाला ते ठिकाण, तुमचं राहतं ठिकाण, तिकीट काढलं ते किंवा जिथे जायचं होतं ते स्थानक, यांपैकी ज्या खंडपीठाच्या हद्दीत येतं तिथे अर्ज करता येतो. या अर्जाला शुल्क नाही.

मुदत एक वर्षाची. उशीर झाला, तर त्याचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं. दीर्घ उपचार हे कारण असू शकतं, पण त्यावर विसंबून राहू नका. निकाल पटला नाही, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. पात्र व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो. रुग्णालयाबाहेर "निम्मे आमचे, निम्मे तुमचे" म्हणत कोऱ्या कागदावर सही मागणारा कुणी भेटला, तर सही करू नका. जखमी माणूस खाटेवर असताना ही धावपळ घरच्यांनाच करावी लागते. म्हणून हे सगळं रोज लोकलने जाणाऱ्या माणसाइतकंच त्याच्या घरच्यांनाही माहीत असायला हवं.